तीन पाणी

पौषातल्या एका सकाळी मावशी आमच्या अंगणात आली आणि तिने डोक्यावरची टोपली खाली ठेवली. ती दरवर्षी याच दिवसांत येते. जव्हारच्या पठारावरून रस्ता जिथे खाली उतरू लागतो, तिथल्या एका पाड्यावर तिचे घर आहे. माझी पत्नी तिला मावशी म्हणायची, म्हणून मीही म्हणतो. टोपलीत कडूकंद होते, नुकते खणलेले, अंगाला लाल माती लागलेले.

तिने दारातून आत पाहिले. "बाय कां नाय दिसत?"

मी सांगितले. श्रावणात ताप आला, नऊ दिवस राहिला, आणि दहाव्या दिवशी ती गेली. मावशी पावसाळ्यात वर येत नाही. ओहोळ भरलेले असतात, आणि पुढे भाताची कापणी निघते. तिला कोणी कळवले नव्हते. मीही कळवले नव्हते.

ती ओटीच्या कडेला बसली आणि टोपलीतला एकेक कंद उचलून, त्याची माती अंगठ्याने पुसून, पुन्हा टोपलीत ठेवू लागली. असे बराच वेळ चालले. मग तिने विचारले, "आता यांना पाणी कोण देल?"

"मी देईन," मी म्हणालो.

"तू?" तिच्या बोलीत 'तुम्ही' जवळजवळ नाहीच. ती मला, जव्हार संस्थानच्या कारभाऱ्यांना आणि आपल्या बैलाला सारखेच 'तू' म्हणते. "तू तं तीन तांबे देशील."

आणि ती हसली. मीही हसलो. श्रावणानंतर घरात कोणी हसण्याची ती पहिली वेळ असावी.

हे तीन तांबे काय होते ते लिहून ठेवावे असे तेव्हापासून मनात आहे. दिवसाला अर्धे पान लिहून होते. काही दिवस तेवढेही होत नाही.

आम्ही दोघे समुद्रकाठचे. मला जव्हारच्या शाळेत नेमणूक मिळाली तेव्हा पत्नीने बरोबर काय काय आणले होते ते मला अजून आठवते: मिठाची पिशवी, चिंचेचा गोळा, पापडांचा डबा, आणि लोणच्याच्या दोन बरण्या. तिच्या माहेरी अन्न टिकवायचे ते मीठ आणि ऊन यांच्या जोरावर. वाळू तापलेली असते, तिच्यावर काहीही पसरा, दोन दिवसांत खडखडीत. इथे पठारावर पहिल्या पावसाळ्यात तिचे सगळे शास्त्र फसले. आषाढात ढग घरात शिरत. उशी ओली, पुस्तके ओली, काडेपेटी ओली. एक दिवस तिने पापडांचा डबा उघडला आणि मला हाक मारली.

"अहो, हे बघा. शेवाळ आलंय पापडांना."

हिरवट बुरा होता. मी चष्मा लावून पाहिला. बुरा कुठून येतो, हवेतून की पिठातूनच, याची मला फार उत्सुकता वाटली, आणि मी ती बोलून दाखवली. ती म्हणाली, "कुठून येतो ते तुम्ही शोधा. जातो कसा ते मी शोधते."

त्या वर्षी पाऊस उघडल्यावर मावशी पहिल्यांदा आमच्या दारी आली. रानातल्या पानांच्या पत्रावळी विकायला आली होती. पत्नीने तिला थेट चुलीपाशी नेले आणि डबे दाखवले. मावशी डब्यांकडे न पाहता चुलीच्या वर पाहत राहिली. तिथे काहीच नव्हते.

"धूर फुकट घालवतेस," ती म्हणाली.

पुढच्या आठवड्यात तिने बांबूची एक तट्टी विणून आणली आणि ती दोरांनी चुलीच्या वर टांगली. पावसाळ्यात लागणारे सगळे त्या तट्टीवर गेले: मिरच्या, कोकम, सुकवलेली भाजी, बियाण्याच्या काकड्यांच्या बिया, पुढे पुढे माझी पुस्तकेसुद्धा. डाळींना राख चोळली जाऊ लागली. तांदळाच्या कणगीत निरगुडीचा पाला आला. कणगी आतून शेणामातीने लिंपायची ती कधी, किती जाड, आणि पूर्ण वाळली हे कसे ओळखायचे, हे मावशीने दाखवले. तिने कणगीत तोंड घालून हाक मारली, आणि आवाज कसा परत येतो ते पत्नीला ऐकवले. ओली असेल तर आवाज आतच राहतो म्हणे.

मी हे सगळे एका वहीत टिपून घेत असे. मला त्यात पुस्तकाइतकीच गोडी वाटे. राखेत डाळीला कीड का लागत नाही? राखेने कीड गुदमरते, की राख तिला चावते?

"किड्याला विचारा," पत्नी म्हणायची.

कडूकंदही मावशीनेच आणला. तो रानातल्या वेलाच्या मुळाशी येतो. अंगावर केस, आत पिवळसर गर. कच्चा खाल्ला तर घसा सुजतो आणि उलट्या सुटतात. जास्त खाल्ला तर माणूस दगावतो. आणि तरी मावशीच्या पाड्यावर जेव्हा कणग्या रिकाम्या होतात तेव्हा हाच कंद घराला तारतो. त्याचे काप वाळवून चुलीवरच्या तट्टीवर ठेवले की पुढचा पावसाळाही निघतो. विषाचे अन्न कसे होते हे मला समजून घ्यायचे होते. मी वही घेऊन मावशीसमोर बसलो. ती विळ्याने काप करीत होती, पत्नी आत भाकरी थापत होती.

"राखेत तीन पाणी दे," मावशी म्हणाली. "मंग रातचं ओहोळात निजव. सकाळचं काढ."

"तीन म्हणजे केवढं पाणी?" मी विचारले.

तिने माझ्याकडे पाहिले. बहुधा माझा प्रश्नच तिला कळला नसावा. तिने ओल्या हाताची तीन बोटे वर केली. माझ्या शेजारी पाण्याचा तांब्या होता. मी त्याच्याकडे बोट केले. तिने मान हलवली. तांब्यात असते ते पाणीच हे तिला मान्य होते, एवढाच त्या मान हलवण्याचा अर्थ असणार. मी लिहून घेतले.

तो विषय तिथेच राहिला. त्या वर्षी आणि पुढची दोन वर्षे कंद पत्नीनेच शिजवले, मावशीच्या देखत, आणि मी ते मीठ लावून खाल्ले. ती ते शिजवत असे तेव्हा मी शाळेत असे.

मग एक वर्ष असे आले की पाऊस भाद्रपदातच निघून गेला. उतारावरची नागली कणसात भरलीच नाही. भाताची ओंबी हातात घेतली तर हलकी लागे. तांदूळ महागला, आणि जव्हारच्या बाजारात, तिकडे खोडाळ्याच्या बाजारातही, कडूकंद विकायला येऊ लागले. पूर्वी ते बाजारात कोणी आणत नसे. कोणी घेतले नसते. आता कारकुनांच्या, दुकानदारांच्या घरच्या बायका टोपल्यांभोवती उभ्या राहून विचारत, हे रताळ्यासारखे असते का?

माझ्याजवळ वही होती. मला वाटले, याहून चांगला उपयोग तिचा कधी होणार? ज्यांना कंद शिजवता येतो त्यांना वाचता येत नाही, आणि ज्यांना वाचता येते त्यांना तो शिजवता येत नाही. मधला माणूस मी. मी बसून मजकूर तयार केला. मावशीचे बोलणे मी शुद्ध करून घेतले. 'निजव' हा शब्द मला गोड वाटला होता, पण पुस्तकी मजकुरात कंद निजतील कसे? मी लिहिले:

"प्रथम कंद सोलून त्याचे पातळ काप करावेत. त्यांत तीन तांबे पाणी व मूठभर राख घालून ते उकडावेत. नंतर ओहोळाच्या पाण्यात धुऊन घ्यावेत. मग मीठ घालून पुन्हा शिजवावेत व खावेत."

वर्गात मी हे शुद्धलेखन म्हणून घातले. ऱ्हस्व-दीर्घ तपासले. मुलांना सांगितले, वही घरी दाखवा.

त्याच दिवशी दिवेलागणीला मी तो मजकूर पत्नीला वाचून दाखवला. ती निवडलेली डाळ सुपातून डब्यात ओतत होती. 'तीन तांबे' ऐकून ती हसली. तिला वाटले मी गंमत करतोय. मग ओतता ओतता तिचा हात थांबला.

"हे असंच लिहिलंय?"

"मावशीनंच सांगितलं. तीन पाणी."

"अहो, तीन पाणी म्हणजे तीनदा पाणी! उकळायचं आणि ते फेकायचं. पुन्हा नवं पाणी, नवी राख. पुन्हा फेकायचं. तांदूळ तीन पाण्यांनी धू म्हटलं तर तीन तांब्यांत धुवाल का?"

मी म्हणालो, मी तांदूळ धुतले नाहीत कधी.

"ते दिसतंय. आणि धुऊन घ्यावेत म्हणजे काय? रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवायचे असतात ते. धुऊन काय होणार आहे, वरची राख जाईल." तिने सूप खाली ठेवले. "कडूपणा कुठं जाणार? त्याच पाण्यात शिजला तर परत आतच नाही का शिरणार?"

मला खरोखर ते सुचले नव्हते. कडूपणा पाण्यात उतरतो आणि म्हणून ते पाणी फेकायचे. इतकी सोपी गोष्ट. तीन वर्षे मी ते काप खात होतो आणि विष कुठे जाते हे एकदाही विचारले नव्हते. राखेचे विचारले, बुऱ्याचे विचारले, आणि हे राहिले.

"किती मुलांनी लिहून घेतलं?" तिने विचारले.

"बावीस."

तिने डब्याला झाकण लावले. मग म्हणाली, "उद्या सकाळी सगळ्या वह्या गोळा करा. आजच कोणी करणार नाही. बाजार उद्या आहे."

दुसऱ्या दिवशी शाळा भरल्याबरोबर मी वर्गासमोर उभा राहिलो आणि सांगितले की काल घातलेला मजकूर चुकीचा आहे, चूक माझी आहे, आणि तो खोडून टाका. मी प्रत्येकाची वही हातात घेऊन स्वतः काट मारली. एकवीस झाल्या. बाविसावा विद्यार्थी आला नव्हता. जंगलखात्यातल्या एका कारकुनाचा मुलगा. ते कुटुंब ठाण्याकडून नुकतेच आलेले होते. घरात कारकून, त्यांची पत्नी, आई आणि हा मुलगा.

मधल्या सुट्टीची वाट न पाहता मी घरी गेलो. पत्नीने पदर खोचला, पायात वहाणा घातल्या आणि माझ्यापुढे चालू लागली. बाजारातून जाताना कंदांच्या टोपल्या अर्ध्या रिकाम्या दिसल्या. मी तिच्या मागून जवळजवळ धावत होतो.

त्या घरी पोचलो तो दारातच उकळलेल्या राखेचा वास आला. कारकुनाच्या पत्नीने आम्हांला पाहून लगबगीने पाट मांडले.

"या ना, मास्तरीणबाई. मास्तर, तुम्ही पण? बसा. अगदी वेळेवर आलात."

"वहिनी, चुलीवर काय आहे?" माझी पत्नी बसली नाही.

"कंद. मास्तरांच्या वहीतले. मुलाला थोडा ताप आहे म्हणून घरी ठेवलंय, पण वही त्यानंच वाचून दाखवली. उतरवलेत आत्ताच. ताटंच घेणार होते."

आतून त्यांच्या सासूबाई म्हणाल्या, "आमच्या ठाण्याकडे असलं कोणी खात नाही हो. पण मास्तरांनी लिहून दिलंय म्हटल्यावर शंका कसली?"

"काकू," माझी पत्नी म्हणाली, "मास्तरांनी आयुष्यात एकदा भात लावला होता. खाली करपला, वर कच्चा. मधला तेवढा आम्ही खाल्ला."

सासूबाई हसल्या. वहिनी हसल्या नाहीत. पत्नीने त्यांच्याकडे नीट पाहिले.

"वहिनी, तुम्ही चाखलंत का?"

"मीठ पाहायला एक काप तोंडात टाकला."

"मग?"

"थुंकला." त्या ओशाळल्या. "जीभ चुरचुरली हो. घशाशी अजून खवखवतंय. मला वाटलं, आपल्याला सवय नाही, आपलीच जीभ नाजूक. वहीत लिहिलंय तसंच सगळं केलं. तांबे मोजून घातले. तीन."

मी दारात उभा होतो. ते वाक्य मला आजही जसेच्या तसे ऐकू येते. वहिनींच्या जिभेने त्यांना खरे सांगितले होते. त्यांनी जिभेचे ऐकले नाही, कारण माझे अक्षर चांगले होते.

"गिळला तर नाही ना?" मी विचारले. 

"नाही, नाही."

"अजून कोणी?"

"कोणी नाही. पहिलं ताट यांचं असतं, आणि हे अजून कचेरीतून यायचेत."

पत्नीने फडक्याने पातेले उचलले आणि परसदारी नेले. सासूबाई मागून म्हणाल्या, "अगं अगं, तिथं टाक, आळ्यात."

"आळ्यात नको, काकू. कोंबड्या आहेत." ती माझ्याकडे वळली. "खड्डा करा."

तिथे एक कुदळ होती. मी खणू लागलो. माती कडक होती आणि मला सवय नव्हती. कोंबड्या भोवती जमल्या, त्यांना वाटले मी गांडुळे काढतोय.

"खोल करा, मास्तर," सासूबाई ओटीवरून म्हणाल्या. त्यांना आता या प्रकरणाची मजा वाटू लागली होती. "शाळेत काय हेच शिकवता वाटतं?"

खड्ड्यात पातेले ओतले, वर माती लोटली, तीवर दगड ठेवला. वहिनींनी चुळा भरल्या. दुपारपर्यंत आम्ही तिथेच थांबलो. त्यांच्या घशाची खवखव गेली की नाही हे पत्नी मधून मधून विचारत राहिली, आणि मी त्या मुलाच्या वहीत काट मारून, मग ते पानच फाडून खिशात घातले. खवखव गेली तेव्हा पत्नीने उरलेल्या कंदांची टोपली पुढे ओढली आणि म्हणाली, "आता करू या." वहिनींना वाटले होते की आम्ही उरलेले कंदही फेकायला सांगू. पण तांदूळ खरोखर महाग होता, आणि पत्नीला ते ठाऊक होते.

त्या दिवशी मी पहिल्यांदा तीन पाणी होताना पाहिले.

पहिले पाणी गढूळ पिवळे, वर फेस, वास ओल्या लाकडासारखा. दुसरे भाताच्या पेंढ्याच्या रंगाचे. तिसरे जवळजवळ स्वच्छ, पण बोटाला किंचित बुळबुळीत. प्रत्येक पाणी त्या दगडाखालच्या जागी गेले. मग काप विरळ विणीच्या टोपलीत भरले, वर पाला, पाल्यावर धोंडा, आणि शिरपामाळाच्या बाजूच्या ओहोळात, जिथे अजून पाण्याला थोडी ओढ होती, तिथे टोपली एका मुळीला बांधून ठेवली.

परत येताना मी विचारले, "कडूपणा पाण्यात जातो. पण मग पाण्यातून कुठे जातो?"

"ओहोळात."

"आणि ओहोळातून?"

"नदीत. नदीतून समुद्रात. म्हणून समुद्र असा आहे. झालं समाधान?"

झाले नव्हते. पण ती दमली होती.

नवा मजकूर आम्ही दोघांनी मिळून केला. मावशीलाही बोलावले होते. ती तीन तांब्यांची गोष्ट ऐकून इतकी हसली की तिला भिंतीला टेकावे लागले. मग एकदम हसणे थांबवून तिने विचारले, कोणी मेलं नाय ना? मी नाही म्हणालो. तिने जमिनीला हात लावून कपाळाला लावला.

मजकुरावरून आमचे भांडण झाले ते शेवटच्या ओळीवर. पत्नीचे म्हणणे होते की चाखण्याचे लिहिलेच पाहिजे. शिजलेला काप जिभेच्या टोकाला टेकवायचा, गिळायचा नाही, थुंकायचा, आणि थोडा वेळ थांबायचे. मी लिहिले, "जिभेस दाह झाल्यास काप पुन्हा पाण्यात ठेवावेत."

"दाह कोणाच्या जिभेला होतो?" तिने विचारले.

"म्हणजे?"

"वहिनी काय म्हणाल्या? चुरचुरली. त्यांना उद्या कोणी विचारलं, दाह होतोय का, तर त्या म्हणतील नाही, नुसतं चुरचुरतंय. आणि खातील."

मी म्हणालो, चुरचुरणे हा ग्रंथात लिहिण्याजोगा शब्द नाही.

"मग ग्रंथ खा," ती म्हणाली.

मावशीला आमचे बोलणे पुरते कळत नव्हते, पण कोणाचा पक्ष घ्यायचा ते तिला कळत होते. "बाय सांगते तसं लिव," ती म्हणाली.

मी लिहिले. 'चुरचुरली तर' असे लिहिले. 'रात्रभर ओहोळात निजवावेत' असेही लिहिले, आणि 'तीन पाणी म्हणजे तीनदा नवे पाणी, जुने दर वेळी फेकावे, गुराकोंबड्यांच्या वाटेत फेकू नये'. या मजकुरात एकही शब्द माझा नव्हता. त्याच्या प्रती मी मोखाड्याच्या आणि खोडाळ्याच्या शिक्षकांकडे पाठवल्या. मोखाड्याच्या शिक्षकांनी उत्तर पाठवले की भाषा जरा गावंढळ झाली आहे, त्यांनी ती सुधारून घेतली तर चालेल का? मी त्याच दिवशी माणूस पाठवून कळवले की चालणार नाही.

त्यानंतर दरवर्षी कंद आला की मी सुट्टी घेऊन पाणी फेकायला मदत करीत असे. पण चाखणे तिचे. मी काप उचलला की ती माझ्या हातातून काढून घेई.

"तुम्ही लिहा. मी चाखते."

मला फार उत्सुकता असे. ते चुरचुरणे नेमके कसे असते? पाणी कमी पडले असेल तर जीभ काय सांगते? मी दरवर्षी विचारत असे आणि ती दरवर्षी थोडे वेगळे सांगे. एकदा म्हणाली, लिंबाची साल दातांनी सोलल्यासारखे. एकदा म्हणाली, मुंग्या. टोकाकडून मागे मागे जातात, रांग लावून. मी ते वहीत लिहीत असे. ती चाखून मान हलवी, आणि मग आमची ताटे वाढली जात. तिच्या जिभेने न पारखलेला एकही काप मी कधी खाल्ला नाही.

म्हणून मावशीने त्या सकाळी विचारले, पाणी कोण देल. आणि मी म्हणालो, मी.

ती पहिले पाणी होईपर्यंत थांबली. काप मी केले, जाड झाले. तिने ते काही न बोलता पुन्हा पातळ केले. निघताना तिने चुलीवरच्या तट्टीकडे पाहिले. तीवर पत्नीने ठेवलेल्या मिरच्या होत्या, दोन वर्षांपूर्वीच्या भाजीच्या बियांची पुरचुंडी होती, आणि माझी चार पुस्तके. चूल मी रोज पेटवत नसे. तट्टीच्या दोरावर जाळे धरले होते.

"धूर दे याला," ती म्हणाली. मग उंबऱ्यावर पाय ठेवून, मागे न पाहता, "अन् वहीला नको विचारू. जिभेला विचार."

दुसरे पाणी आणि तिसरे पाणी मी एकट्याने दिले. तिन्ही पाण्यांचे रंग तसेच होते, पहिल्या वेळी पाहिले तसे. खड्डा खणून ठेवला होता. टोपली भरली, पाला घातला, धोंडा ठेवला, आणि ओहोळावर जाऊन त्याच मुळीला बांधून आलो. मुळी आता जाड झाली आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी टोपली आणली, काप नव्या पाण्यात शिजवले. चूल नीट पेटली होती; धूर तट्टीपर्यंत जात होता. एक काप बशीत काढून फुंकून निववला. घरात त्या वेळी कोणी नव्हते, तरी तो उचलताना मी एकदा थांबलो. माझ्या हातातून कोणी काढून घेतला नाही.

काप जिभेच्या टोकाला टेकवला. आधी काहीच कळले नाही, फक्त ऊब. मी थुंकलो आणि थांबलो. मग लिंबाची साल. तिने सांगितली होती तशीच. मग, आणखी थोड्या वेळाने, टोकाकडून मागे, एकामागे एक, मुंग्या.

मी चुळा भरल्या. पातेल्यातले पाणी खड्ड्यात ओतले, काप टोपलीत भरले, वर ताजा पाला घातला, आणि टोपली काखेला मारून पुन्हा ओहोळाकडे निघालो.